बघण्याचा कार्यक्रम, धाटावमार्गे

आबा, म्हणजे माझे वडील, धाटावच्या एका केमिकल कंपनीची शिफ्टची बस चालवायचे. कंपनीनं ती बस भंगारात काढली त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मी घेतली." आईला वाटलं, बसमधली एखादी सीट आणली असेल. "ठेवणार कुठे?" तिनं विचारलं.

"ठेवायची नाय. आपण तिच्यात राहायचं."

तिसऱ्या दिवशी आई टेप घेऊन बसमध्ये चढली आणि शिलाई मशीन कुठल्या खिडकीपाशी उजेडात बसेल ते मापून आली.

रोह्याच्या पुढे रेल्वे जाणार अशी चर्चा होती, तेव्हाची ही गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. भाड्याची खोली सोडून आम्ही तिघं बसमध्ये राहायला गेलो. पुढच्या दहाबारा सीट आबांनी काढू दिल्या नाहीत, "पाहुणे आले तर बसतील कुठे?" म्हणून. मागं दोन फळ्या झोपायला, मध्ये स्टोव्ह, मांडणी आणि मशीन. ज्या गावात थांबू तिथं आई ब्लाउज शिवायची आणि आबा कुकर, स्टोव्ह दुरुस्त करायचे. गणपतीच्या आधी दोन महिने मुक्काम जोह्याला, कारण मी तिथल्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला जायचे. मग पेण, मग नागोठणे, मग परत रोहा. आंघोळ ज्याच्या विहिरीवर मिळेल त्याच्या विहिरीवर. गाडी सुटायची असली की आई आतून पत्र्यावर दोनदा थाप मारायची. थांबवायची असेल तर एकदा. आबांनी कंपनीचं नाव रंगवून टाकलं होतं, पण दारावरचं 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' राहून गेलं होतं.

अशात मला स्थळ आलं. मुलगा पेणला शाळेत मास्तर. मध्यस्थांनी त्यांना सांगितलं होतं, "मुलीच्या वडिलांची स्वतःची बस आहे." यात खोटं काहीच नव्हतं. पण मुलगा, त्याची आई आणि मामा रोह्याला आले ते ट्रॅव्हल्सवाल्याचा बंगला शोधत. आमची बस धाटावच्या रस्त्याला, कंपनीच्या बसच्या जुन्या स्टॉपजवळ झाडाखाली उभी होती. मामांनी आबांनाच विचारलं, "मालक कुठे राहतात?"

"हितंच," आबा म्हणाले. "या, पायरी जरा उंच हाय."

मामा चढले, पण तोंड वाकडं करून. मुलाच्या आईनं मात्र आल्या आल्या खिडकीची जागा धरली. मी पोहे दिले. "मुलीला स्वयंपाक येतो का?" असं मामा विचारत होते, तेवढ्यात दारातून जेवणाचा डबा घेतलेला एक माणूस आत आला आणि त्यानं शेवटच्या सीटवर बसून डोळे मिटून घेतले. त्याच्यामागून दुसरा, मग पाच, मग वीसेक. दुसऱ्या शिफ्टची माणसं. कंपनीची नवी बस बंद पडली होती आणि आमची जुनी समोर दिसली.

"काका, आज तुम्ही? बरा झाला!" एकजण म्हणाला.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे, मग घड्याळाकडे. "ही वेळेवर पोचली नायत तर पहिल्या शिफ्टवाले आत अडकून पडतील," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. आईनं सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस निघाली.

"अहो, हे काय चाललंय?" मामा ओरडले. ते ओरडायला उठले आणि त्यांची जागा गेली. पुढचा सगळा प्रवास त्यांनी दांडी धरून केला.

बघण्याचा कार्यक्रम आहे हे कळल्यावर शिफ्टवाल्यांची झोप उडाली. मुलाची उलटतपासणी त्यांनीच घेतली. "मास्तर, दारू पिता काय?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"मग सुट्टीत करता काय?"

माझे उरलेले पोहे शिफ्टवाल्यांनी वाटून घेतले आणि मीठ बरोबर असल्याचं मुलाच्या आईला सांगितलं.

धाटावला ही माणसं उतरली आणि पहिल्या शिफ्टची चढली. कपड्यांना कंपनीचा तो आंबूस वास. मी मुलाकडे बघितलं. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं, "गाडी थांबवता येईल का?"

मी पत्र्यावर एक थाप मारली.

तो उतरून थेट शेताच्या बांधाकडे धावला. मी पाण्याचा तांब्या आणि अर्धं लिंबू घेऊन मागे गेले. ओकून झाल्यावर चूळ भरून तो म्हणाला, "मला लहानपणापासून गाडी लागते. मामा म्हणाला होता, सांगू नकोस."

"मग आता का सांगितलंत?"

"आता लपवायचं काय राहिलंय?"

मला हसू आवरेना. तोही हसला. बसमधली सगळी डोकी खिडक्यांतून बाहेर आली होती. "जमला काय ओ?" कुणीतरी विचारलं.

रोह्याला परत आल्यावर मामा म्हणाले, "ज्यांना घर नाही त्यांच्याशी सोयरीक करायची?"

मुलाची आई अजून खिडकीतच बसली होती. ती म्हणाली, "तू घरी जा. मला अजून एक चक्कर मारायची आहे."

लग्न झालं. पेणच्या घरात पहिले काही दिवस मी उठले की कुठल्या गावात आहोत ते खिडकीतून बघायचे. सासूबाई मात्र सुट्टी पडली की आमच्या बसमध्ये राहायला जायच्या आणि परत यायला कुरकुरायच्या.

खरी पंचाईत ह्यांची. सासुरवाडीला गेले की बस उभी असली तरी ह्यांना मळमळायचं. आबांनी चाकांना दगड लावून दाखवले, उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी बसची चावीच ह्यांच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. चावी खिशात असली की हे चार पोळ्या जेवायचे. एकदा जोह्याला जेवून आम्ही एसटीनं पेणला परतलो आणि चावी ह्यांच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी आईला नागोठण्याला ब्लाउज पोचवायचे होते. आबा सकाळच्या पहिल्या एसटीनं आमच्या दारात हजर झाले. चहा संपेपर्यंत चावीचा विषय सोडून ते त्या एसटीचा ड्रायव्हर ब्रेक कसे लावत होता तेच सांगत राहिले.