भरदुपारी वलांडीवर

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई. अंगात येणं, बाहेरचं होणं... कशावरच विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं, नवरा तिथे कामाला, म्हणून आम्ही बोईसरला राहायचो. माहेर दातिवऱ्याचं, कोळ्यांचं. आईच्या पोटात पाणी झालं नि तिला पालघरला दवाखान्यात ठेवली. भाऊ होडीवर, तेव्हा उशाशी मीच. बसून बसून माझी कंबर मोडली होती.

आईचं एकच टुमणं. "बाय, मला घरी ने. बोंबील आले असतील."

"डॉक्टर नाय म्हणतात, आये."

वाटेतच जाईल, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. ते तिला कसं सांगू? दिवसभर तेच ऐकून मी वैतागायची, मग रडायची.

एका दुपारी ती एकदम गप्प झाली. गाढ झोपली. मी तिचा हात धरून होते, डोळा लागला नव्हता माझा – हे मुद्दाम सांगते. उन्हं कलल्यावर जागी झाली नि शांतपणे म्हणाली, "आता नको नेऊस. हात धू माझे."

तिचा हात नाकाशी नेला तर ताज्या बोंबलाचा वास... बोटांवर बारीक ओरखडे. जबड्यात जबडा अडकवून वलांडीच्या दोरीवर बोंबलांची जोडी सुकायला टांगताना दात लागतात ना, तसेच. कितीतरी दिवसांत तिने मासळीला हात लावला नव्हता. मी तांब्याभर पाणी घेऊन धुतले.

दुसऱ्या दिवशी दातिवऱ्याहून धाकटी काकी पेज घेऊन आली. आईला खाटेवर बघून दारातच थांबली.

"अगो, वयनीला परत कशाला आणलीस? काल दुपारी वलांडीवर माझ्या बाजूला बोंबील सुकत घालत होती. मला वाटलं, बरी झाली."

"तुला भास झाला असेल, काकी."

काकी चिडली. "भास बोंबील टांगतो काय गो? दोऱ्या भरल्यात तिने. जाऊन बघ."

त्याच आठवड्यात आई गेली. घरी ने, असं पुन्हा एकदाही म्हणाली नाही.

इतकी वर्षं विचार करतेय, काही उलगडलेलं नाही. भीती नाही का वाटली, असं विचारतात. नाही वाटली. दमले होते हो मी. माझ्याच्याने झालं नाही ते तिचं तिने उरकलं, एवढंच मनात आलं... आणि त्या दिवशी काकी खाटेशी बसलीय बघून, आईच्या पायांशी डोकं टेकून मी झोपून गेले.