तळ्याच्या ताटातली जागा

अर्णव आणि ईशा,

विद्यानगरच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मी फरशी पुसलेलं पाणी फाटकाबाहेर ओतलं, तर शेजारच्या कुंपणावरून आवाज आला, "वहिनी, ह्ये पाणी कुठं जायलंय?" त्यांच्या दारात गेलं असावं, असं समजून मी घाईघाईने क्षमा मागितली. "माझ्या दारात न्हाई हो. तिथून पुढं?" पुढे नाली होती, नालीपुढे नाला आणि पार खाली तळं. हे मला त्या दिवशी कळलं.

हे आमचे गंगाधरराव जाधव. मूळचे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायची. उंच, जरा पुढे वाकलेले, पिशवीत कायम बुचाची काचेची बाटली. कोपऱ्यावरचा किराणेवाला त्यांना लांबूनच हाक मारायचा, "क्या जाधव साब, आज तालाब क्या बोलरा?"

"'बस' बोलरा, 'पुरे'!" जाधव न थांबता म्हणायचे.

कारखान्यांचे सरकारी परवाने सैल झाले होते ती वर्षं. हिमायतनगरात रोज नवं दुकान उघडायचं, गल्लीत नव्या गाड्या येत होत्या. तळ्याच्या वरच्या अंगाला कापडाच्या रंगांचा एक कारखाना यायचा होता. जाधवांचा मुलगा विनोद बी.एस्सी. होऊन घरी बसला होता. त्याला तिथे नोकरी ठरली, अट एकच, कारखान्याला परवानगी मिळाली पाहिजे. आणि त्याच्या सांडपाण्याला तळ्यात जागा आहे का, हे सांगायचं काम आलं नेमकं जाधवांकडे. त्यांनी प्रयोगशाळेतल्या साहेबांना विनोदच्या नोकरीचं आधीच सांगितलं. साहेब म्हणाले, "मग तर छानच झालं."

मला त्यांनी ते काम पंगतीवरून समजावलं. "तळ्याचं बी ताट असतंय, वहिनी. दिवसाला पचंल तेवढंच वाढायचं. कारखाना पाइपानं वाढतो, त्यो दिसतो. आपण समदे बिनपाइपाचे वाढपी. गाड्या धुतो, साबण सांडतो, गुलाबाला खत घालतो. पाऊस आला की समदं ताटात. माणूस हात आडवा धरतो. तळ्याला हात कुठंय?"

तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं, ताट आपणच भरलंय, कारखान्याला जागा नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरायला लागले. गाडी रस्त्यावर धुऊ नका. बेगम बाजारातून पोत्याने आणलेली साबणाची पावडर जपून वापरा. कचरा नालीत लोटू नका. समोरच्या सुशीलाबाईंनी शेवटी विचारलंच, "भाऊजी, हे तळ्यासाठी चाललंय की विनोदसाठी?"

"दोघांसाठी," म्हणाले. मग फाटकातून वळून, "काय की."

मीही गोंधळले. आपण घाण कमी करायची, तेवढी जागा मोकळी होणार, आणि ती कारखाना भरणार. मग तळ्याचा फायदा काय? मी विचारलं तर ते म्हणाले, "मला बी त्येच कळंना झालंय." तरी गल्लीने त्यांचं ऐकलं. तळ्याच्या मायेने म्हणाल तर नाही; ओट्यावर बसलेल्या विनोदचा चेहरा रोज दिसायचा, म्हणून असेल.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस ते बाटली उजेडात धरून आमच्या दारात आले. "जागा झाली, वहिनी." सुशीलाबाई पेढ्यांची गोष्ट काढून मोकळ्या झाल्या. आणि जाधवांनी साहेबांना सांगितलं, जागा झाली आहे, पण ती देऊ नये. कारखाना दुसरीकडे गेला. विनोद आधी पुण्याला, मग दुबईला गेला आणि वडिलांशी बोलेनासा झाला.

पाडव्याला जाधव आणि त्यांच्या पत्नी कमलवहिनी आमच्याकडे जेवायला होते. मी श्रीखंड वाढायला वाकले, तर जाधवांनी ताटावर हात आडवा धरला. ताट अर्धं मोकळं होतं.

"अहो, जागा आहे की."

"आहे. असू द्या. पुढचा पाऊस काय घेऊन येतो, कुणाला ठावं? थोडी मोकळी ठेवाय पायजे." मग हळू आवाजात, "आन् ती जागा समद्यांनी मिळून केली. माझ्या पोराला कशी देऊ?"

कमलवहिनी ताटावरून उठून आत गेल्या. जाधवांचं ते शहाणपण होतं की हट्ट, मला तेव्हा ठरवता आलं नाही. दोघांपैकी कुणाला आणखी वाढावं, हेही कळेना.

जाधव गेले तेव्हा विनोद आला. कानशिलं पांढरी झालेली, बोलणं वडिलांसारखंच तुटक. तेरावा झाल्यावर माझ्याकडे चहाला बसला.

"काकू, जागा होती," तो म्हणाला. "बाबांनीच सांगितलं होतं मला. जागाच नाही म्हणाले असते, तर मी रागावलो तरी नसतो."

त्याने उठून आपला कप विसळला आणि ते गढूळ पाणी हातात घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला.

"काकू, हे कुठं टाकू?"

तुमच्या आजीच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या वेळी मला काही सांगता आलं नाही.