डावं मागचं चाक

फेलिक्सच्या हातात पाना आला की तोंडात शिवी आलीच. साठी उलटली तरी धामापूरच्या वाटेवरच्या आपल्या गॅरेजात तो अजून स्वतः गाडीखाली शिरतो. समोर माझं चहाचं हॉटेल आहे. मी सुगंधा. त्याचे दिवसाचे पाच चहा मीच पुरवते, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. माणूस सोन्यासारखा. कुणाची गाडी आडरानात बंद पडली तर जेवण टाकून धावेल. पण बोलताना विचार करणं त्याला जमलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हरिश्चंद्र त्याचा जिवाभावाचा मित्र. पूर्वी मासळीचा ट्रक चालवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी तळेऱ्याजवळच्या उतारावर त्याच्या ट्रकखाली एक सायकलवाला गेला. ट्रक तपासायला पोलिसांनी फेलिक्सला नेलं होतं. ब्रेकचा पाइप फुटलेला त्याने पाहिला, कोर्टात तसं शपथेवर सांगितलं आणि हरिश्चंद्र सुटला. स्टिअरिंगला मात्र त्याने परत हात लावला नाही. घरची आंब्याची कलमं राखत राहिला. मनाने तो त्या एका साक्षीवर उभा होता. कधी फार घाबरला, की बायकोला, जानकीवहिनींना म्हणायचा, "ब्रेक गेलो होतो गो. फेलिक्सान डोळ्यांनी बघल्यान."

या दोघांना म्हातारपणी फॉर्म्युला वनचं वेड लागलं. रेसच्या रविवारी संध्याकाळी दोघं माझ्या टीव्हीसमोर हजर. त्यांचं बघून आणखी चार-पाच जण जमायचे. भजी संपायची, रेस संपायची, पण वाद संपायचा नाही. फेलिक्स मेकॅनिकांचा वकील, हरिश्चंद्र ड्रायव्हरांचा. मला गंमत वाटायची.

गेल्या वर्षी जुलैत एक रेस झाली. दोघांची लाडकी निळी गाडी पुढे होती. शेवटचे टायर बदलायला ती ट्रॅक सोडून आत मेकॅनिकांपाशी आली. तीन चाकं डोळ्याचं पातं लवेपर्यंत बसली, डाव्या मागच्या चाकाचा नट अडकला. अडीच सेकंदांच्या कामाला नऊ लागले आणि गाडी एका सेकंदाने हरली.

"मेकॅनिकान घालवल्यान रेस," हरिश्चंद्र म्हणाला. "एक नट बसवूक येणा नाय!"

"डोळे खंय होते तुझे?" फेलिक्स उसळला. "गाडी खुणेच्या हातभर पुढे उभी केल्यान. मागचो माणूस धावान वाकडो झालो, म्हणान नट वाकडो बसलो. चूक ड्रायव्हरची."

चाक बदलतानाचा तुकडा चार वेळा पुन्हा पाहिला. प्रत्येकाला आपलंच खरं दिसलं. भाई न्हावी म्हणाला की टायर आणखी दोन फेऱ्या टिकले असते, तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. मीही हसत होते. त्याच वेळी टीव्ही बंद करायला हवा होता, हे आजही मला डाचतं.

कारण मग हरिश्चंद्र म्हणाला, "तुमची जातच तशी रे. काम बिघडवतात मेकॅनिक आणि नाव जाता ड्रायव्हरचा."

फेलिक्सचा चेहरा लाल झाला. "नाव जाता? तुझा नाव मी राखलंय! तळेऱ्याक पाइप शाबूत होतो. ब्रेक तूच उशिरा दाबलंस. मी खोटी साक्ष दिलंय म्हणान तू आज हयसर बसान भजी खातंस!"

हरिश्चंद्र उठला, चपला शोधल्या, डावी-उजवी करत घातल्या आणि गेला. नंतरच्या रविवारी आला नाही. त्याच्या नंतरच्याही नाही.

फेलिक्सने मला आठवड्याने सांगितलं, "पाइप खराच फुटलो होतो गो. माका फक्त वाद जिंकूचो होतो."

"मग त्याला जाऊन सांग," मी म्हटलं. पण "तो येऊंदे, मगे बघू" म्हणत त्याने दीड महिना घालवला. शेवटी चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीला कुणाला बोलवावं लागत नाही. ज्याच्याशी बोलणं नाही, त्याच्याही घरात त्या दिवशी पाय ठेवता येतो. फेलिक्स नारळ घेऊन हरिश्चंद्राकडे गेला. एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मला बरोबर घेतलं.

जानकीवहिनींनी पाट दिला, करंज्या दिल्या. हरिश्चंद्र निम्मा झाला होता.

"हरी, पाइप फुटलो होतो रे," फेलिक्स बसता बसताच म्हणाला. "मी रागान बोललंय ता खोटा. ह्या तुझ्या गणपतीची शपथ घेव—"

त्याने हात पुढे केला. हरिश्चंद्राने तो वरच्यावर धरला.

"नको रे. माझ्यासाठी कोर्टात एक खोटी शपथ घेतलंस, तेवढी पुरे. आता देवासमोर घेव नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "श्रावणात मी तळेऱ्याक जावन इलंय. त्या सायकलवाल्याच्या बायलेक सांगितलंय, ब्रेक बरो होतो, चूक माझी."

"काय बोलली ती?" फेलिक्सने विचारलं.

"काय नाय. उठान आत गेली."

परतताना फेलिक्स माझ्यासमोर रडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो तळेऱ्याला गेला. विचारत विचारत घर शोधलं. त्या बाईने दार उघडलं, पाणी दिलं. पाइप कुठे फुटला होता, केवढी चीर होती, तेल चाकावर कसं सांडलं होतं, सगळं तिने उभ्यानेच ऐकून घेतलं. मग रिकामा तांब्या उचलत तिने विचारलं, "तुमका त्या ड्रायव्हरानच पाठवल्यान, नाय?"