सुगंधामावशींचा नळ

सुगंधामावशी पाण्याच्या ऑफिसात निघाल्या की बरोबर जेवणाचा डबा घ्यायच्या. काम पाच मिनिटांचं असलं तरी डबा हवाच. "काम होईपर्यंत उठायचं नाही हे ठरलंय ना? मग उपाशी का बसायचं?" असं म्हणून तो डबा साहेबांना नीट दिसेल असा मांडीवर ठेवायच्या. तिथले लोक त्या डब्याला टरकून असत. एकदा एका क्लार्कने विचारलं, "काय मावशी, आज काय आणलंय?" मावशी म्हणाल्या, "भरली वांगी. आता ती इथे खायची की घरी, ते तुमच्यावर आहे." अर्ध्या तासात काम होऊन मावशी आणि मी बाहेर.

मावशींनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत जन्मभर आया म्हणून काम केलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पेन्शन जेमतेम. स्वारगेटच्या मागच्या बाजूला आमच्या गल्लीत त्यांचं एक खोलीचं स्वतःचं घर होतं आणि दाराशी स्वतःचा नळ. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, एरवी गल्लीतच. त्यांच्या मागच्या चार भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत मी राहते आणि ब्लाउज शिवते. या चारही खोल्यांना नळ नाही. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो, "बघू." तो बरीच वर्षं बघतोच आहे.

वस्तीत मीटर बसले आणि लोकांना मोठाली बिलं यायला लागली. गरिबाला बिल कमी करून मागता येतं, हप्ते बांधून मिळतात, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बिल आलं की लोक देवाजवळ ठेवायचे आणि गप्प बसायचे. मावशी त्यांना उठवून ऑफिसात न्यायच्या. बिलावरचे आकडे त्यांनाही कळत नव्हते. ते वाचायला त्या मला न्यायच्या. त्यांचं काम म्हणजे माणसाला तिथे ताठ बसवणं. एक रिक्षावाला साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला, तर मावशींनी त्याच्या हातावर चापट मारली. "हात खाली! बिल भरायला आलोय, नवस बोलायला नाही." रडणाऱ्या बायकांना म्हणायच्या, "इथे रडू नकोस. रडलीस की ते तुला पाणी पाजतात आणि घरी पाठवतात."

स्वतःच्या नळाबाबत मात्र त्यांचा हिशोब अगदी कच्चा होता. सकाळी सहाला नळ सोडायच्या आणि मागच्या चारही खोल्यांचे हंडे, कळश्या, बादल्या त्यावर भरायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो मावशी, मीटर पळतोय. हंड्यामागे थोडे तरी पैसे घ्या आमच्याकडून." त्या माझ्यावर अशा खेकसल्या की विचारू नका. "पाण्याला नाही म्हणायचं नसतं आणि त्याचे पैसेही मागायचे नसतात. तू तुझे ब्लाउज शिव."

व्हायचं तेच झालं. मावशींना बिल आलं, ते भरण्यासारखं नव्हतं म्हणून थकलं, आणि मग नळ तोडण्याची नोटीस आली. साऱ्या वस्तीला धीर देणारी बाई ती नोटीस उशीखाली ठेवून झोपली. शेवटी मीच त्यांना ओढून ऑफिसात नेलं. साहेब ओळखीचे झाले होते, मनाने चांगले होते. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही एकट्या राहता. एवढं पाणी एक माणूस वापरेल कसं? पाइप गळत असणार. गळती होती असं लिहून द्या, मी बिल बरंचसं खाली आणतो."

मला वाटलं, सुटलो बाई! मी पेनसुद्धा काढलं.

मावशी म्हणाल्या, "गळती नाही साहेब. थेंब वाया गेलेला नाही."

"अहो, मी तुमच्या सोयीचं सांगतोय."

"कळतंय मला. पण माझ्या नळाचं पाणी पाच घरं प्यायली आहेत. ते गटारात गेलं असं मी लिहून देणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी उशिराचा दंड तेवढा माफ केला आणि हप्ते बांधून दिले. निघताना म्हणाले, "एक जरी हप्ता चुकला तरी नळ तोडावा लागेल, मग माझ्या हातात काही नाही. बाहेर पाणी देणं बंद करा." मावशींनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी मी मागच्या खोल्यांमध्ये सगळं सांगितलं. आम्ही चौघींनी ठरवलं की मावशींच्या नळावर जायचं नाही. चौकातल्या सार्वजनिक नळावरून आणायचं, कंबर मोडली तर मोडली. निर्मला म्हणून यवतमाळकडची एक जण माझ्या शेजारी राहते, ती म्हणाली, "म्हातारीचा नळ आपल्यापायी तुटला तर आपल्याला अन्न गोड लागणार नाही." आम्हाला आमचंच फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी दार उघडून नळ सोडला. कुणी गेलं नाही. त्यांनी बंद केला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मग त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

"शैला, खरं सांग. माझं पाणी विटाळलं का गं?"

मी कात्री बाजूला ठेवली. "अहो मावशी, काहीतरीच काय बोलता! तुमचं बिल वाढू नये म्हणून..."

"ते समजतंय मला," मावशी म्हणाल्या. "माझ्या आईच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. मी शाळेत लागले तेव्हा एक बाई घरून पाण्याची बाटली आणायच्या. माझ्यावर जीव होता त्यांचा, दिवाळीला साडी द्यायच्या. पण मी भरलेल्या पिंपातलं पाणी कधी प्यायल्या नाहीत. म्हणायच्या, तुला कशाला त्रास. तुम्हीसुद्धा मला त्रास नको म्हणूनच येत नाही ना? काल नळाशी उभी राहिले आणि मला त्या बाई आठवल्या." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ऑफिसात कुणाला रडू न देणारी बाई माझ्या दारात रडत होती. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

निर्मलाने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. ती हंडा घेऊनच बाहेर आली. "चला मावशी, नळ सोडा. मात्र हप्ता आम्ही भरणार जी."

"पाण्याचे पैसे मी घेत नसते."

"पाण्याचे कोण देऊन राहिलं? मीटरचे देतो."

मावशींनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "हे चालेल. पाणी माझं, मीटर सगळ्यांचा." त्या दिवसापासून आमच्या गल्लीत असंच चालतं. एकही हप्ता चुकला नाही. भांडणं झाली, नाही असं नाही. कुणी कपडे जास्त धुतले यावरून निर्मला आणि मी महिनाभर बोलत नव्हतो. मावशी दोघींचे हंडे भरायच्या आणि कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. शेवटची अंघोळ घालायला पाणी त्यांच्याच नळाचं होतं, हंडे आम्ही मागच्या बायकांनी भरले. वस्तीतली, शाळेतली, कुठकुठली माणसं येत राहिली, आणि येईल त्याला आम्ही त्या नळाचं पाणी देत राहिलो. त्या खेपेचं बिल जास्त आलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. वाटून घेतलं आणि भरून टाकलं.