धुतलेलं कापड

मी सेमिनरीत, फादर व्हायच्या शिक्षणाला, सोळा महिने होतो. सतराव्या महिन्यात वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मला घरी बोलावलं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमची वाडी. केळी, पानवेली आणि थोडी भाजी. गावच्या फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "देवाच्या योजनेत तुझी जागा सध्या घरी आहे."

'सध्या' हा शब्द मी नीट ऐकला होता. दोन वर्षांनी वडील गेले तेव्हा मी फादरांना त्याची आठवण करून दिली. पण तोवर धाकटा भाऊ दहावी झाला होता, आणि तोही सेमिनरीत जायचं म्हणत होता.

"दोघं गेलात तर मला शेवटचं पाणी कोण पाजणार?" आई म्हणाली.

"मी आधी गेलो होतो," मी म्हटलं.

"तू जाऊन आलास ना?" ती म्हणाली. जसा काही मी जत्रेला जाऊन आलो होतो.

भाऊ गेला. मी कचेरीत कारकुनाची नोकरी धरली, सकाळी वाडी बघितली, लग्न केलं. दहा वर्षांनी भावाची गुरुदीक्षा झाली. बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र, सुगंधी तेल लावलं, ते तेल एका पांढऱ्या कापडाने टिपलं आणि ते कापड सगळ्यांसमोर आईच्या हातात दिलं. आमच्याकडे अशी रीत आहे. फादरची आई ते कापड आयुष्यभर जपते आणि मेल्यावर ते तिच्याबरोबर पेटीत ठेवतात. स्वर्गाच्या दारात देव विचारतो, माझ्यासाठी काय आणलंस? तेव्हा तिने ते दाखवायचं. मांडव मी घातला होता, चारशे वीस पानं मी वाढून घेतली होती. फोटोत मी नाही, कारण तेव्हा मी पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलत होतो.

त्यानंतर पाच वर्षांनी आई विहिरीजवळ घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आणि ती पुन्हा उठली नाही. चार वर्षं सात महिने ती खाटेवर होती. दिवसातून तीनदा कूस बदलायची, दोनदा पाठीला खोबरेल चोळायचं. बायको सकाळचं बघायची, मी संध्याकाळचं. या काळात भाऊ अकरा वेळा आला. त्याला वेळ नव्हता, हे मला माहीत आहे. त्याचं मिशन डोंगराकडे होतं आणि तिथे तो एकटाच होता. तरी अकरा म्हणजे अकराच. तो आला की आई उशीला टेकवून बसवायला सांगायची. एरवी तिला बसवलं की कंबर दुखायची.

एका संध्याकाळी तेल चोळताना मी विचारलं, "आई, तू कापड दाखवशील. मी काय दाखवू?"

"तुला कोण विचारणार? तू तर घरातलाच," ती म्हणाली. वर म्हणाली, "जरा खाली चोळ. तिथे खाजतंय."

शेवटच्या पावसाळ्यात तिने कापड बघायला मागितलं. मी तिची कपड्यांची ट्रंक उघडली. कापड पिवळं पडलं होतं, घडीवर कडक झालं होतं, कोपऱ्यात मुंग्या होत्या. मी ते बादलीत साबणाच्या पाण्यात घातलं, दोनदा घासलं, निळीतून काढून दोरीवर टाकलं. बायकोने बघितलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"अहो, काय केलंत? ते तेल होतं!"

"मुंग्या लागल्या होत्या."

"मुंग्या झटकता आल्या असत्या."

मी विसरलो असं म्हणता येईल. पण सेमिनरीत सोळा महिने काढलेला माणूस हे विसरत नाही. बादलीत घालताना ते काय आहे हे मला माहीत होतं.

इस्त्री करून मी ते आईच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं. मग उलटं करून पुन्हा नेलं.

"वास नाय येत रे," ती म्हणाली.

"तुला सर्दी झालीये, आई."

तिला सर्दी नव्हती. तिने ते उशीखाली ठेवलं, आणि त्यानंतर पुन्हा कधी मागितलं नाही.

चाळीस दिवसांनी ती गेली. शेवटचं पाणी मीच पाजलं. पेटीत तिच्या बोटांत ते कापड मीच गुंफलं, पांढरंशुभ्र. चर्चमध्ये दफनाआधीची मिस्सा भावाने केली. प्रवचनात तो म्हणाला, "आमच्या आईने आपला मुलगा देवाला दिला." मुलगा. एकवचनात. पहिल्या बाकावर बायकोने माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला.

दफनानंतर अंगणात चहा घेताना मी भावाला कापडाचं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल. निदान गप्प होईल.

"बरं केलंस, दादा. कळकट झालं असेल," तो म्हणाला. "आई अजून ते जपत होती? मला तर आठवतही नव्हतं." आणि त्याने बिस्किट चहात बुडवलं.

पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. नवे, तरुण फादर होते. जाळीआडून मी सगळं सांगितलं, मुद्दाम धुतलं हेही सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. मग मऊ आवाजात म्हणाले, "आईची सेवा केलीत. देवाच्या मोठ्या योजनेत तुमचीही जागा आहे."

"कुठे, फादर?"

"म्हणजे?"

"जागा आहे म्हणता. कुठे आहे ते सांगा. एकवीस वर्षं मी हे ऐकतोय."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"मागे रांगेत किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

आत येतानाच मी मोजले होते.

"नऊ," मी सांगितलं, आणि उठलो.