प्राणिशास्त्र आणि अध्यक्षांची म्हैस

विज्ञान मानवजातीला अंधारातून बाहेर काढते, असे पदवीदानाच्या भाषणात ऐकून मी प्राणिशास्त्राची पदवी घरी आणली. वर्षभरात चार ठिकाणचे नकार पचवले आणि जळगाव जामोदला विज्ञान शिक्षकाच्या जागेसाठी गेलो. मुलाखत संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी होती. त्यांनी आम्हा दोघा उमेदवारांना थेट गोठ्यात नेले.

“म्हैस कालपासून चारा नाही खाऊन राह्यली, मास्तर. काऊन?”

“मी गुरांचा डॉक्टर नाही. आम्हाला बेडूक होता.”

“मंग इतकी वर्सं बेडूकच फाडले काय?”

“झुरळंही.”

दुसरा उमेदवार इतिहासाचा पदवीधर होता. त्याने म्हशीचे पोट चाचपून ओवा आणि गूळ द्यायला सांगितले.

जूनपासून तिथे विज्ञान तोच शिकवू लागला. म्हैसही बरी झाली.