विहीणबाईंची खवणी

देवाने माणसाला पाठ दिली ती कुणीतरी तिच्यावर पोलाद फिरवावे एवढ्याचसाठी, अशी बालंबाल खात्री असलेली एकच व्यक्ती या जगात असावी, आणि ती माझी विहीण असावी, हा माझ्या मुलाच्या लग्नाचा परिणाम आहे.

विहीणबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. विरारला फरसाणाच्या दुकानाला लागून त्यांचा दवाखाना आहे. तेथे एका निळ्या पेटीत पोलादाची पाच हत्यारे असतात. एक कोयरीसारखे, एक चंद्रकोरीसारखे, उरलेली कशासारखीच नाहीत. अवघडलेल्या जागी मलम चोपडायचे आणि हत्याराच्या बोथट कडेने ती जागा लाल होईपर्यंत घासायची, असा हा उपचार. आमच्या नंदाखाल गावात घरोघर नारळ. त्यामुळे लोकांनी त्या हत्यारांना खवणी म्हटले आणि रुग्ण "खवून आलो" असे सांगू लागले. विहीणबाईंना हे नाव सोसत नाही. "खवणीला दात असतात. हिला आहेत का? बोट फिरवून बघा," असे त्या प्रत्येकाला बजावतात. बोट फिरवून पाहिलेला मनुष्य पुढच्या मिनिटाला पालथा पडलेला असतो.

माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, अवयव राहतात. "आगाशीची कंबर आज आली नाही," असे त्या सहज म्हणतात. आमच्या मुलांच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना त्यांनी भटजींना थांबवले. "गुरुजी, मान एकाच बाजूला वळते तुमची. जरा वधूकडेही बघा." मानपानाच्या वेळी मला शाल पांघरताना त्यांनी माझा उजवा खांदा चाचपला आणि चारचौघांत निकाल दिला, "हा एक दिवस अडणार."

तो या वर्षी अडला. हात कानापर्यंत जाईना. मी विधुर आहे आणि वाडीवर एकटा राहतो. सदरा घालण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारू लागलो, हे मुलाला कळले. तो नायगावला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. त्याने शांतपणे अट घातली. "बाबा, दसऱ्यापर्यंत हात वर गेला नाही तर वाडी दुसऱ्याला कसायला द्यायची आणि तुम्ही आमच्याकडे यायचं." अट वाजवी होती, म्हणून मी मान्य केली. परंतु एकोणिसाव्या मजल्यावर केळ लागत नाही.

मी विरारला गेलो. आमच्यात मुलाच्या बापाचे पाय धुतात. येथे विहीणबाईंनी माझ्याकडे न पाहताच फर्मावले, "सदरा काढा."

"विहीणबाई, रीत म्हणून काही आहे."

"रीत लग्नात. इथे पालथे."

मी पालथा झालो. मग पोलाद फिरू लागले आणि त्याबरोबर जीभही. "श्वास सोडा, व्याहीबुवा. धरून कुणासाठी ठेवलाय?" "हा खांदा आहे की सुकेळी?" आगाशीची वाळवलेली केळी मला प्रिय आहेत, तरीही हा उल्लेख मला आवडला नाही.

तिसऱ्या खेपेस हत्यार एका जागी अडखळले. विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तत्क्षणी माझ्या सुनेला फोन लावून आनंदाने ओरडून सांगितले, "अगं, तुझ्या सासऱ्यांच्या खांद्यात गाठ सापडली! सुपारीएवढी!"

बाहेरच्या बाकावर आमच्या गावची एक बाई गुडघा घेऊन बसली होती. तिने ऐकले ते एवढेच. मी घरी पोचेपर्यंत ओट्यावर नऊ माणसे आणि सहा शहाळी जमली होती. मिठागरावर काम केलेली शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, पानी तरी प्या. गाठ हाय म्हने." एक वृद्ध गृहस्थ माझ्या देखत दुसऱ्याला म्हणाले, "मानूस सरळ व्हता." मुलगा कचेरी टाकून धावत आला. कधी नव्हे तो माझ्या पाया पडला.

माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवीना. अखेर विहीणबाई रिक्षाने आल्या आणि ओट्यावर उभ्या राहिल्या. "स्नायू आखडून जी गाठ धरतो, ती ही! दुसऱ्या गाठीला मी हत्यार लावतच नाही, मोठ्या डॉक्टरकडे पाठवते. हा माणूस मरत नाही. हा माणूस व्यायाम करत नाही!"

"मंग शहाळ्यांचं काय?" शेजारणीने विचारले.

"व्याहीबुवांनाच पाजा. पन्नास वेळा हात वर केल्यावर."

व्यायाम म्हणजे भिंतीवर बोटे चालवत वर न्यायची आणि जेथे थांबतील तेथे पेन्सिलीची खूण करायची. "हत्यार दार किलकिलं करतं. आत तुमचं तुम्हीच जायचं," असे त्या म्हणत. खुणा वर सरकू लागल्या. एकदा मी विचारले की पूर्वीचे लोक हातांनी चोळत, मग हे पोलाद कशाला. त्यांनी आपले अंगठे माझ्यापुढे धरले. सांधे सुजून वाकडे झाले होते. "तीस वर्षं लोकांच्या पाठी दाबल्या यांनी. आता भुईमुगाची शेंग फुटत नाही. पण हत्यार धरलं की गाठ अजून हाताला कळते." मी सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागलो. त्या म्हणाल्या, "पालथे व्हा."

दसऱ्याला सर्वांसमक्ष मी हात डोक्यावर नेला, सदरा चढवला, गुंड्या लावल्या. मुलाने नायगावचा विषय त्या दिवशी काढला नाही. नंतरही काढलेला नाही. विहीणबाईंनी खांदा एकवार निरखला, "झालं," म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्या पुन्हा रीतसर विहीण झाल्या. मला "आपण" म्हणू लागल्या. पानात आग्रह करू लागल्या.

दिवाळीत त्या फराळ घेऊन आल्या. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "आपली प्रकृती उत्तम ना?"

मी म्हणालो, "उत्तम."

यापुढे दोघांनाही काही सुचेना. पत्नी गेल्यापासून मला कुणी दटावले नव्हते. उपचाराचे ते दोन महिने सोडले तर. चहा संपला, रिक्षा आली, त्या गेल्या.

हात पूर्ण वर जातो. व्यायाम मात्र मी गेले चार दिवस बंद ठेवला आहे.